तासाला किती पडले?

मागच्या दिवाळीत आमच्या घरी एक लहानसा खटला उभा राहिला. फिर्यादी माझा भाचा, वय वर्षे वीस. आरोपी एक व्हिडिओ गेम. "मामा, चार हजार रुपये मोजले, आणि शनिवारी संध्याकाळी सुरू केलेला खेळ रविवारी जेवायच्या आत संपला!" हे त्याचे गाऱ्हाणे. "तेवढ्यात महिन्याचा किराणा आला असता," ही त्याच्या मामीची साक्ष. न्यायाधीशाची खुर्ची माझ्याकडे आली. कारण त्या खेळातले काहीही न कळणारा, म्हणजेच निःपक्षपाती, असा घरात मी एकटाच होतो.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मध्यमवर्गीय घरात चार हजार ही थोडी रक्कम नव्हे, आणि पैसे मोजणाऱ्याला अरसिक म्हणून हिणवणे, पैसे दुसऱ्याचे असले म्हणजे, फार सोपे असते. म्हणून मी भाच्याशेजारी खुर्ची टाकली आणि काही खेळ अथपासून इतिपर्यंत पाहिले.

पहिला 'द ऑर्डर : १८८६'. २०१५ साली तो प्लेस्टेशन ४ वर आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत साठ डॉलर होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळचे लंडन, धुक्यात बुडालेल्या गल्ल्या, शूर सरदारांचा संघ आणि माणसांत वावरणारे लांडगे. थाट असा की डोळ्यांचे पारणे फिटावे. परंतु सहा-सात तासांत सारे आटोपते, आणि त्यातलाही बराच वेळ खेळणाऱ्याने हात बांधून नुसते बघत बसायचे. खेळ तोकडा आहे अशी त्या वेळी गिऱ्हाइकांनी ओरड केली. ओरड रास्त होती. रोगाचे निदान मात्र चुकले. त्या खेळाची कथा मुळी पुरीच होत नाही. खरा खलपुरुष मोकळा राहतो, नायक एकटा पडतो, आणि आता सामना जुंपणार असे वाटते तोच पडदा पडतो.

दुसरा 'जर्नी', २०१२ सालचा. किंमत पंधरा डॉलर, अवधी सुमारे दोन तास. झगा पांघरलेली एक आकृती वाळवंटातून दूरच्या डोंगराकडे निघते. संवाद एकही नाही. वाटेत तशीच दुसरी आकृती भेटते. तो जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात बसलेला, आपल्यासारखाच एक खेळाडू असतो. त्याच्याशी बोलता येत नाही. फक्त एक सूर काढता येतो. दोघे जवळ आले की एकमेकांच्या उपरण्यात बळ येते. शेवटी बर्फातून रखडत दोघे डोंगर चढतात, आणि सारे संपल्यावर सोबत्याचे नाव पडद्यावर उमटते. भाचा बराच वेळ काही बोलला नाही.

आता हिशेब पाहा. साठ डॉलरांत सहा-सात तास आणि पंधरा डॉलरांत दोन तास. तासाच्या भावात दोहोंमध्ये फार अंतर पडत नाही. तरी पहिल्याने फसवल्यासारखे वाटते आणि दुसऱ्याने भरून पावल्यासारखे. मग तासाचा भाव हे माप काय कामाचे?

मी मास्तर आहे. पुरवण्यांवर पुरवण्या जोडणारे विद्यार्थी मी वर्षानुवर्षे तपासत आलो आहे. पाने मोजून गुण देऊ लागलो तर वर्गात लिहिणारे वाढतील, अभ्यास करणारे नव्हेत. कादंबरीकार म्हणूनही मला हा मोह ठाऊक आहे. वाचनालयाचा वर्गणीदार जाड पुस्तक आधी उचलतो, हे ध्यानात ठेवून मीही एकदोन प्रकरणे उगाच वाढवलेली आहेत. खेळांतही तेच चालते. तास भरून काढण्यासाठी मैलोगणती चालायला लावायचे, तीच कामे पुन्हा पुन्हा सांगायची.

बाजाराचा कायदाही आखूड खेळाला प्रतिकूल आहे. 'स्टीम' या संगणकावरच्या मोठ्या दुकानाने २०१५ पासून नियम केला, की खरेदीनंतर चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळून झाले असेल तर पैसे परत. गिऱ्हाइकाला हा मोठाच आधार आहे. मी तो काढा म्हणणार नाही. परंतु दीड तासाचा खेळ कोणी शेवटपर्यंत खेळून, वर पैसे परत मागितले, तर बनवणाऱ्याने खायचे काय?

आणि हे बनवणारे दूरदेशीच असतात असे नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० साली 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' आणला. पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी आणि तिची कथा सांगणारे दुर्गा व विष्णू. पाच-सहा तासांचा खेळ. चित्रे पाहून ऊर भरून येतो. तरीही आपल्या गावचा म्हणून त्याला वेगळा न्याय नको. त्याचाही शेवट अर्ध्यावर तुटल्यासारखा आहे, आणि ती उणीव तासांची नाही, रचनेची आहे.

तेव्हा निकाल असा. किती तास लागतील ते विकणाऱ्याने आधी स्पष्ट सांगावे, आणि घेणाऱ्याने खेळ पुरा होतो की नुसता थांबतो एवढे विचारून घ्यावे. थांबणारा असेल तर भाव उतरेपर्यंत खुशाल वाट पाहावी. भाच्याची फिर्याद मी अंशतः मंजूर केली. मामीने मात्र अपील दाखल केले आहे, आणि त्याची सुनावणी या दिवाळीत, फराळानंतर व्हायची आहे.