समोर बसलेला माणूस

दरवर्षी मार्च संपत आला की वस्तीतील मंडळी माझ्याकडे बाबासाहेबांचे चित्र रंगविण्याचे काम घेऊन येतात. मी चित्रकलेचा शिक्षक; तेव्हा हे काम मास्तरांचेच, असे सर्वांनी गृहीत धरलेले. कित्येक वर्षे मी एकाच छायाचित्रावर चौकटी आखून ते मोठे करीत आलो. एका वर्षी गिरणीतून निवृत्त झालेले एक जुने कार्यकर्ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. बाबासाहेबांना त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. म्हणाले, "मास्तर, चष्मा बरोबर आहे, टाय बरोबर आहे. पण बाबा इथं नाहीत." मला राग आला, आणि तो पुरता गेला असे आजही म्हणवत नाही. परंतु त्यांचे म्हणणे खरे होते. मी माणूस काढला नव्हता, छायाचित्र काढले होते.

आमचे शिक्षणच तसे झालेले. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांत आपण घडे, बाटल्या काढतो, संकल्पचित्रे रंगवितो. स्मरणचित्रात बाजार आणि जत्रा काढतो, तीही आठवणीने. जिवंत माणूस समोर बसवून त्याचा चेहरा काढ, असे या परीक्षेत कोणी सांगत नाही.

या निमित्ताने मी व्हिन्सेंट व्हॅन गॉगकडे पुन्हा वळलो. त्याची सूर्यफुले मला बाजूला ठेवायची आहेत. १८८४-८५ च्या हिवाळ्यात हॉलंडमधील न्यूनेन या खेड्यात त्याने शेतकरी-विणकरांचे चेहरे एकामागून एक रंगविले, ते महत्त्वाचे. तत्पूर्वी त्याने बार्गच्या नमुनाचित्रांवरून घोटून अभ्यास केला होता. आता तो झोपड्यांत जाऊन बसला. त्यातून एप्रिल-मे १८८५ मध्ये 'बटाटे खाणारे' हे चित्र झाले. दिव्याखाली पाच माणसे, आणि ज्या हातांनी माती उकरली तेच हात ताटात.

या चित्राची शिळाछापाची प्रत त्याने आपला चित्रकार मित्र व्हान राप्पार्ड यास पाठविली. मित्राने कठोर पत्र लिहिले. उजवीकडच्या माणसाला गुडघा, पोट, फुप्फुसे आहेत की नाहीत? हात एवढा आखूड का? व्हिन्सेंटने ते पत्र परत पाठवून दिले. मैत्री त्यानंतर सावरली नाही. पुढे त्याने खुलासा केला, की ती प्रत आपण स्मरणावरून एका दिवसात केली होती. येथे माझ्यासारख्याने थांबून विचार केला पाहिजे. ज्याने एवढे चेहरे समोर बसवून काढले, त्याचीही समोर माणूस नसताना चूक झाली. पण त्या उन्हाळ्यात त्याने काय केले? खणणारी, पेंढ्या बांधणारी माणसे काळ्या खडूने मोठ्या आकारात काढली. तोंडाने टीका नाकारली आणि हाताने स्वीकारली, असे मला वाटते.

एवढे मान्य करूनही माझा एक आक्षेप आहे. राप्पार्डने शरीराच्या चुका मोजल्या. पण ज्या द ग्रोट कुटुंबाचे हे चित्र, त्यांना ते कसे वाटले, हे या वादात कोणी विचारले नाही. शिवाय व्हिन्सेंटने भावाला लिहिले आहे, की आपण राकट, चपटे, अरुंद कपाळाचे, जाड ओठांचे चेहरे शोधत आहोत. म्हणजे नजर माणसावर पडण्याआधीच नमुना ठरलेला. कष्टकऱ्यावर प्रेम करणाराही त्याला नमुना करतो. आमच्या चळवळीतील मुखपृष्ठे तरी वेगळी कोठे आहेत? खोल गेलेले डोळे, वर आलेल्या बरगड्या, उघडे तोंड. हा दलित कोणी समोर बसवून काढलेला नाही.

मी माझ्या आत्याला समोर बसविले. पहिल्या तासात नेहमीच्या चुका झाल्या. आधी बाह्यरेषा ओढली आणि मग तिच्यात नाक-डोळे भरले. डोळे फार वर गेले. वास्तविक ते डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. हात ताठ धरून पेन्सिलीने मापे घेतली, कागद आरशात पाहिला, तेव्हा जबडा एका बाजूस सरकलेला दिसला. हे सारे दुरुस्त करता येते. पण आत्याने कागद हातात घेतला आणि म्हणाली, "मी एवढी रडकी हाय व्हय रं? सकाळी तूच म्हणलास, आत्या लई हसतीस." कपाळावरच्या आठ्या मी समोर पाहून काढल्या नव्हत्या, त्या माझ्या वाचनातून आल्या होत्या. अशी टीका मला कोणा समीक्षकाने ऐकविली नव्हती.

बसणाऱ्याच्या वेळेला किंमत असते, हेही आम्ही विसरतो. १८८५ च्या शरद ऋतूत न्यूनेनच्या कॅथलिक धर्मगुरूने लोकांना व्हिन्सेंटसमोर बसण्यास मनाई केली. चित्र काढू दिले नाही तर पैसे देऊ, असेही सांगितले. गावकऱ्यांनी उत्तर दिले, तुमच्याकडे मागण्यापेक्षा त्याच्याकडून कमावू. हे व्हिन्सेंटनेच भावाला कळविले आहे. धर्मगुरूला हे तोंडावर सांगणारी माणसे त्या जाड ओठांच्या नमुन्यात कोठे मावतात?

जानेवारी १८८६ मध्ये तो अँटवर्पच्या अकादमीत गेला. तेथे प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करणे आले. दोनेक महिन्यांत ते सोडून तो पॅरिसला निघाला. तेथे मॉडेलला द्यायला पैसे नसल्याने स्वतःचाच चेहरा आरशात पाहून पुनःपुन्हा काढू लागला. २०२२ मध्ये एडिंबरो येथील संग्रहालयातील एका शेतकरी स्त्रीच्या चित्राचे क्ष-किरण घेतले, तेव्हा पाठीमागे पुठ्ठा आणि सरसाखाली त्याचे आत्मचित्र दडलेले आढळले. पुढची बाजू गोर्डिना द ग्रोटची, १८८५ सालची. कापड वाचविण्यासाठी त्याने तेच उलटे करून वापरले होते.

आत्या गेल्या रविवारी पुन्हा बसली. मी तिला अर्ध्या दिवसाची मजुरी देऊ केली. तिने ती मोजून घेतली, कनवटीला लावली आणि म्हणाली, "आता नीट काढ." जबडा अजून चुकतोच आहे.