आवाजाचा वंश आणि आवाजाची भाषा

कृष्णवर्णीय वा आशियाई गायिकेला यूरोपात यश मिळाले, की टीकाकार त्याचे मूळ तिच्या वंशात शोधू लागतो. तिने घेतलेले शिक्षण त्याला दुय्यम वाटते. मेरियन अँडरसन ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकेने बर्लिनला जाऊन जर्मन गीते त्या भाषेच्या उच्चारांसह अभ्यासिली आणि 1935 साली साल्झबुर्ग गाजविले. मायदेशी मात्र 1939 मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलचे दार त्यांना वर्णामुळे बंद राहिले.

मुंबईत 1960 साली गोमंतकीय कुटुंबात जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ ह्यांचा काळ निराळा. तथापि त्यांच्या आवाजाविषयी लिहिताना ‘पौर्वात्य’ हे विशेषण हाताशी तयारच असते. वस्तुतः त्यांचे शिक्षण लंडनच्या गिल्डहॉल संगीतशाळेत झाले. शिवाय गोव्यात चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन पिढ्यान्‌पिढ्या शिकविले जाई. गोमंतकीय ख्रिस्ती घराला ही विद्या परकी नव्हती. संगीत हे जन्मापेक्षा शाळेने येते, ह्याच विश्वासावर विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला विद्यालय काढले होते. पुढे नाशिकला आश्रम स्थापणाऱ्या त्या गुरूचा हा विचार येथील वाचकास तरी नवा नाही.

इंग्रज रचनाकार जॉन टॅव्हनर ह्यांनी रोझारिओंसाठी अनेक रचना केल्या. 1992 साली ऑल्डबरो महोत्सवात झालेल्या ‘मेरी ऑफ ईजिप्त’ ह्या संगीतिकेत त्यांनी नायिकेची भूमिका गायिली. तीत एकेका स्वरवर्णावर लांबलचक आलापी आहे. शब्द जवळजवळ विरून जातो. ‘पौर्वात्य’ म्हणणाऱ्यास येथे आयताच आधार सापडतो. परंतु त्यानंतरची, 1993 ची ‘अख्मातोवा गीते’ अधिक कसोटीची आहेत. सोबतीला केवळ चेलो, आणि शब्द रशियन. रशियनमध्ये व्यंजन कठोर की तालव्यीकृत, ह्यावर शब्दाचा अर्थ पालटतो. मराठी मनुष्य ‘चार’ आणि ‘चाक’ ह्यांतील च सहज निराळे उच्चारतो. पण ते रक्तातून येत नाही, कानाने शिकावे लागते. रशियन व्यंजनांचेही तसेच. रोझारिओंचे खरे कर्तृत्व ह्या कमावलेल्या व्यंजनांत आहे, आणि त्याविषयी टीकाकारांनी फार थोडे लिहिले आहे. ‘मेरी’तील आलापी सुंदर आहे, पण ती रचनाकाराच्या पूर्वेविषयीच्या ओढीबद्दल अधिक सांगते. पुढे पती मार्क ट्रूप ह्यांच्यासह रोझारिओ भारतात येऊन तरुण गायकांना हीच पाश्चात्त्य गानपद्धती शिकवू लागल्या.