लक्ष्मीबाईंचं पाणी

टिटवाळा म्हणजे गणपतीचं गाव, आणि आम्ही भातशेतीवाले. दहावीनंतर माझं वाचन सुटलेलं. एका पावसाळ्यात लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हाती आलं. धर्माचं पुस्तक असेल म्हणून बिचकतच उघडलं. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, नवरा-बायकोची ताटातूट झाली. १९०० मध्ये बाईंनीही बाप्तिस्मा घेतला. पण बाई उपदेश करत नाहीत, स्वतःची फजिती हसत सांगतात. कधी वाटतं, एवढं दुःख त्या फारच हसण्यावारी नेतात. मात्र कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं त्या ठरवतात, तिथं आपलं हसू थांबतं. आमच्या ओटीवर गड्यांसाठी वेगळा कप असायचा. तो मी त्या रात्री आत आणला. तेव्हापासून वाचन सुटलं नाही.