वर्गणी, पुरवणी आणि खेकडा

आमच्या घराण्यात आजवर समीक्षक झाला नाही. आजोबांनी एकदा तमाशाचे परीक्षण केले होते, पण ते आजीसमोर करावे लागल्यामुळे "काही बघण्यासारखं नव्हतं" या एका वाक्यात आटोपले. मी स्वतः कॉमर्सचा पदवीधर असून गंगाखेडला बँकेत कारकून आहे. माझे वाङ्मय म्हणजे पासबुकातल्या नोंदी. तरीही आज मी एका कलाप्रकारावर टीका लिहायला बसलो आहे, कारण त्या कलेपायी दरमहा माझ्या खात्यातून पैसे जातात. टीकाकाराला याहून मोठा अधिकार कोणता असतो, हे मला तरी ठाऊक नाही.

कला म्हणजे संगणकावरचे ते खेळ, ज्यांत हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक राज्यात तलवारी घेऊन हिंडतात. आमचे चिरंजीव पुण्याला इंजिनिअरिंगला आहेत. खेळात ते पन्नासाव्या पायरीवर आहेत. पायरीला ते 'लेव्हल' म्हणतात. इंजिनिअरिंगमध्ये कितव्या पायरीवर आहेत, असे विचारले की फोनची रेंज जाते. खेळाचे नाव मी सांगणार नाही. खातेदाराचे नाव काउंटरबाहेर जाऊ द्यायचे नाही, ही वीस वर्षांची सवय आहे.

हे प्रकरण उघडकीला आले ते मोबाईलवरच्या एका संदेशाने. खात्यातून दरमहा आपोआप जाणाऱ्या रकमेची सूचना चोवीस तास आधी द्यावी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आला. या नियमाने अर्थव्यवस्थेचे काय झाले ते अर्थतज्ज्ञ सांगतील. मला मुलगा काय करतो ते कळले. मी फोन केला.

"बाबा, ती वर्गणी आहे," तो म्हणाला.

वर्गणी म्हटल्यावर मराठी माणूस निम्मा विरघळतो. गणपतीची, वाचनालयाची, सप्ताहाची वर्गणी देतच आपण मोठे झालो. तेव्हा तत्त्व म्हणून माझा वर्गणीला विरोध नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ साली अमेरिकेत निघाला, तेव्हा महिन्याला पंधरा डॉलरला एक सेंट कमी घेत असे. म्हणजे बाटाच्या चपलेची किंमत लावणारा माणूस तिकडेही आहे. पण त्यात निदान सरळपणा होता: पैसे द्या, आत या. 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'ने २०१४ साली असाच सक्तीचा मार्ग धरला आणि २०१५ च्या मार्चमध्ये सक्ती सोडली. वर्गणी ऐच्छिक झाली. मग देणाऱ्याला जास्तीचे काय? इतर गोष्टींबरोबर एक पिशवी, जी कधी भरत नाही. खेळात पावलोपावली झाडपाला, धातू, कातडी सापडतात. फुकट्याची झोळी दोन दिवसांत तुडुंब होते. लग्नात पाहुण्याला भरमसाट आहेर करायचा आणि दाराशी आपलाच टेम्पो भाड्याने उभा ठेवायचा, असा हा व्यवहार आहे. कॉमर्सवाला म्हणून मी त्याला नमस्कार करतो; वर्गणीदार म्हणून करत नाही.

दुसरा विषय पुरवणीचा. परीक्षेतली पुरवणी निदान फुकट मिळते. या खेळांची पुरवणी म्हणजे नवा मुलूख, आणि त्याचे पैसे वेगळे. तेही मी देईन. नवा मुलूख बघायला यष्टीचे तिकीट काढावे लागतेच. दुःख वेगळे आहे. वॉरक्राफ्टची पहिली पुरवणी २००७ साली आली आणि शेवटची पायरी साठावरून सत्तरावर गेली. ज्यांनी रात्री जागून, चाळीस-चाळीस जणांची पथके जमवून अजस्र राक्षस मारले आणि दुर्मिळ तलवारी मिळवल्या, त्यांतल्या पुष्कळांना नव्या मुलखातल्या किरकोळ कामांच्या बक्षिसात त्याहून सरस हत्यार मिळू लागले. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे आठवडे मी काउंटरच्या आतल्या बाजूला काढले आहेत. डब्यातल्या पाचशेच्या नोटा पुढे करणाऱ्या म्हाताऱ्यांचे चेहरे मला आठवतात. त्यामुळे त्या तलवारबहाद्दरांविषयी माझ्या मनात सहानुभूती आहे, हसू नाही.

पण खरा मुद्दा तिसरा: तुम्ही चढाल तसा शत्रूही चढतो. 'ऑब्लिव्हियन' नावाचा एकट्याने खेळायचा खेळ २००६ साली आला. त्यात खेळाडू बलवान झाला, की वाटमारी करणारा दरोडेखोरही भारी काचेचे चिलखत घालून येतो आणि शंभर नाणी मागतो. अंगावर लाखाचा माल, मागणी शंभराची! कर्जखात्यात असताना असे गृहस्थ मी पाहिले आहेत, पण ते निदान चिलखत बाहेर काढून ठेवून येत. पुढे हे लोण ऑनलाइन खेळांतही आले. एल्डर स्क्रोल्सने २०१६ च्या ऑक्टोबरात सगळे राज्य एका उंचीवर आणले. नवखा आला की त्यालाच उचलून त्या उंचीला धरायचे. वॉरक्राफ्टचा जुना मुलूख २०१८ च्या जानेवारीपासून खेळाडूबरोबर वाढू लागला. आणि २०२० साली तर पायऱ्याच आवळल्या: रात्री एकशेविसाव्या पायरीवर झोपलेला माणूस सकाळी पन्नासाव्या पायरीवर उठला. आमच्या बँकेत असे झाले असते तर युनियनने शटर वर होऊ दिले नसते.

बँकेतल्या माणसाला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. आमचा महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी निर्देशांक बघून हलतो. पगार वाढतो, भाजी वाढते, पिशवीत येते तेवढीच मेथी. पण भाजीवाली याला खेळ म्हणत नाही आणि प्रगतीची वर्गणीही मागत नाही.

आपल्याकडचा मोक्षपट घ्या. तो ज्ञानेश्वरांनी केला असे सांगतात, आणि त्यांच्या काळातल्या जनाबाईच्या गावात राहत असल्यामुळे मी ते मानतो. त्यातला साप कोणासाठी लांब होत नाही. एकदा ओलांडला की मागे वळून त्याच्याकडे ऐटीत बघता येते. माणूस पायऱ्या चढतो तो या ऐटीसाठी. ती काढून घेतली, तर उरते ती नुसती दमछाक.

इथवरची टीका मी दिवाळीपूर्वीच मनात लिहून ठेवली होती. दिवाळीत मुलगा घरी आला आणि म्हणाला, "बाबा, शिव्या द्यायच्या तर खेळून द्या." त्याने मला एक योद्धा करून दिला. पहिल्याच नदीकाठी एका खेकड्याने त्या योद्ध्याला ठार मारले. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, जेवून घ्या मग मरा."

मुलगा पुण्याला गेल्यावर आम्ही रविवारी रात्री खेळू लागलो. मी तिसऱ्या पायरीवर, तो पन्नासाव्या. जुन्या पद्धतीच्या खेळात त्याने एका फटक्यात खेकडा मारला असता आणि मी नुसता बघत राहिलो असतो. इथे तोच खेकडा दोघांनाही पुरून उरतो. "बाबा, तुम्ही डावीकडून या. पळू नका, मी आहे." पूर्वी आमचा फोन तीन वाक्यांचा असे: जेवलास का, पैसे आहेत का, आईला देऊ का. आता तास जातो. मध्येच खेकड्याला मारता मारता तो सांगून टाकतो की गणिताचा पेपर राहिला. समोरासमोर हे सांगायला त्याला सहा महिने लागले असते, आणि ऐकायला मला.

तेव्हा निकाल असा. एकट्या माणसाला ही समान उंची फसवणूक आहे. दोघांना ती सोय आहे. निर्मात्यांनी प्रत्येक मुलखात एक तरी खेकडा न वाढणारा ठेवावा, म्हणजे एकट्याचीही ऐट राहील. पिशवीबद्दलचे माझे मत कायम आहे.

परवा मुलगा आला होता. संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर गेलो. पाण्याजवळच्या पायरीवर खराखुरा खेकडा बसला होता, मुठीएवढा. तिसरी पायरी आणि पन्नासावी पायरी एकदमच मागे सरली. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. उद्या वर्गणी कापली जाणार असल्याची सूचना होती. नको असेल तर रद्द करा, असेही त्यात लिहिले होते.

मी मोबाईल खिशात ठेवला आणि मुलाला म्हणालो, "तू उजवीकडून ये."