आधी उतरणारा डोंगर

डोंगरावरच्या देवाला जायचं म्हणजे पहिल्या पावलापासून चढ, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. जपानच्या यामागाता प्रांतातला हागुरो मात्र यात्रेकरूला आधी खाली नेतो. झुइशिन-मोन या वेशीतून आत शिरलं की दगडी पायऱ्या सरळ उतरू लागतात आणि हाराइगावा या छोट्या नदीपाशी येऊन थांबतात. यात्रेकरू पूर्वी इथे अंग धुऊन शुद्ध होत. लाल पूल ओलांडला की मग खरा डोंगर सुरू होतो. चढण्याआधी उतरायला लावणं, ही या वाटेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

देवा सानझान म्हणजे देवा प्रदेशातले तीन पवित्र डोंगर. त्यांत हागुरो सर्वांत ठेंगणा, जेमतेम 414 मीटरचा. गास्सान 1984 मीटरचा. परंपरेने हागुरो वर्तमानाचा, गास्सान मृतांचा आणि युदोनो पुनर्जन्माचा डोंगर. शुभ्र वस्त्रं ल्यालेले, शंख फुंकत चालणारे यामाबुशी साधक या तिन्ही डोंगरांना एकच प्रवास मानतात, आणि तो इथून सुरू होतो.

पूल ओलांडून थोडं पुढे गेलं की डावीकडे सुगीच्या झाडांत पाचमजली पॅगोडा उभा असतो. सुगी म्हणजे जपानी देवदार. ना पटांगण, ना कमान, ना आगमनाची कसली वर्दी. सुमारे 29 मीटर उंचीची, सहाएकशे वर्षांची ही इमारत संपूर्ण लाकडाची आहे आणि तिला रंगाचा हात लागलेला नाही. तिचा राखाडी रंग आणि सभोवतीच्या खोडांचा रंग इतका एकजीव झालाय, की आधी नजरेत भरतात ती छपरांची टोकं. खालचे खांब झाडांतून सावकाश वेगळे होतात. 1868 नंतर सरकारने बौद्ध आणि शिंतो वेगळे केले, तेव्हा या डोंगरावरच्या कितीतरी बौद्ध वास्तू नाहीशा झाल्या. हा पॅगोडा राहिला. हे ठाऊक असलं की त्याच्यापुढून पाय लवकर निघत नाही.

पुढे एकामागून एक तीन चढ. पायऱ्या एकूण 2446. सतराव्या शतकात तेन्यू नावाच्या महंताने त्या बांधून घेतल्या. पुढे त्यालाच इझू बेटांवर हद्दपार व्हावं लागलं, आणि तो परतला नाही. पायऱ्यांच्या दगडांवर कुठे साकेचा पेला, कुठे भोपळा, कुठे कमळ अशी बारीक चित्रं कोरलेली आहेत. अशी 33 चित्रं आहेत आणि ती सगळी सापडली तर इच्छा पुरी होते, असं म्हणतात. शेवाळलेल्या दगडावरचा भोपळा ओळखायला वाकावंच लागतं. दम लागलेला माणूस एरवीही खालीच बघत असतो. त्या खाली बघण्याला इथे शोधाचं रूप मिळालंय.

दुसऱ्या चढाच्या माथ्यावर चहाचं दुकान आहे. तिथे चिकारा-मोची, म्हणजे ताकद देणारे तांदळाचे चिकट गोळे मिळतात, आणि झाडं बाजूला सरून शोनाईचं सपाट भातशेतीचं मैदान दिसतं. डोंगर देखावा दाखवतो तो एवढाच, तोही वाटेत. तिसऱ्या चढावरून एक पायवाट मिनामिदानीकडे फुटते. 1689 मध्ये हायकू-कवी बाशो तिथल्या मठात उतरला होता. आज तिथे जोत्याचे दगड आणि एक तळं उरलंय. बहुतेक लोक तिकडे वळत नाहीत, वळावं.

माथ्यावर क्षितिज नाही, आहे ते गवताचं छप्पर. तिन्ही डोंगरांच्या देवांचं हे एकत्र देऊळ 1818 सालचं आणि छपराची जाडी दोन मीटरहून अधिक. गास्सान आणि युदोनो हिवाळ्यात बर्फाखाली जातात, तेव्हा तिन्ही देवांची पूजा इथेच होते. समोरच्या तळ्यातून शेकडो कांस्य आरसे निघाले. भक्तांनी शतकानुशतकं ते पाण्यात अर्पण केले होते.

माथ्यापर्यंत बसही जाते. बसने वर जाऊन पायऱ्या उतरणारे पुष्कळ असतात, आणि ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी तसं जरूर करावं. बाकीच्यांनी वेशीतूनच निघावं. उलट दिशेने आलं तर नदी शेवटी भेटते, पॅगोडा पाठमोरा सुटतो आणि वेशीकडे जाणारा तो शेवटचा चढ नुसता दमवतो.