टिचकीचा खेळ आणि चक्रवाढीचे गणित

'कुकी क्लिकर' हा खेळ ज्युलियाँ तिएनो या फ्रेंच प्रोग्रामरने २०१३ मध्ये तयार केला. पडद्यावरच्या बिस्किटावर टिचकी मारली की एक बिस्किट जमा होते. १५ बिस्किटे साठली की 'कर्सर' विकत घेता येतो. तो दर दहा सेकंदांना आपणहून एक बिस्किट मिळवतो. संगणक चालू ठेवून आपण जेवायला गेलो, तरी आकडा वाढतच राहतो.

श्रम थोडे, फळ लगेच आणि हरण्याची भीती नाही, हीच याची गोडी. पहिला कर्सर अडीच मिनिटांत स्वतःची किंमत भरून काढतो. पण पुढचा प्रत्येक कर्सर आधीच्यापेक्षा १५ टक्क्यांनी महाग! म्हणजे पाच खरेद्यांत किंमत दुप्पट. एक्कावन्नावा कर्सर १६ हजारांवर जातो, मिळवतो मात्र पहिल्याइतकेच. इतर सुधारणा विकत घेतल्या नाहीत, तर त्याची किंमत वसूल व्हायला सुमारे ४५ तास लागतात.

चक्रवाढ समजण्यासाठी हे उदाहरण उत्तम आहे. खेळ म्हणून मात्र तो उणा पडतो. बुद्धिबळात हरणारा मुलगाही काही शिकतो. इथे कोणती खरेदी आधी करावी, एवढे कळले की पुढे वाढतो तो फक्त आकडा, खेळणाऱ्याचे कौशल्य नव्हे.

या खेळावर बंदी घालण्याआधी वरचे गणित मुलांना वहीत करू द्या. पन्नास पायऱ्या मांडल्यावर आपला वेळ कुठे जातो, हे त्यांचे त्यांनाच दिसेल.