राजवाड्याआधीची २४ वर्षं

‘रत्नागिरी’ असं सर्च केलं की समुद्र, हापूस आणि थिबा राजवाडा, या तीन गोष्टी हमखास समोर येतात. राजवाड्याच्या फोटोखाली एक वाक्यही ठरलेलं असतं: ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाने इथे ३० वर्षं बंदिवास भोगला. यातला ३० हा आकडा बरोबर आहे. माझी तक्रार ‘इथे’ या शब्दाबद्दल आहे.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं. थिबाला कुटुंबासकट आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. मात्र आज तिकीट काढून आपण जी इमारत बघतो ती पुरी झाली १९१० मध्ये, आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला. म्हणजे राजवाड्यात तो राहिला जेमतेम सहा वर्षं. उरलेली २४ वर्षं गेली गावातल्या बंगल्यांत, सरकारी पहाऱ्यात, पैशांसाठी अर्ज-विनंत्या करण्यात. रत्नागिरीत पाऊल ठेवलं तेव्हा हा माणूस २७ वर्षांचा होता. नव्या घरात गेला तेव्हा पन्नाशी उलटली होती. त्याच्या धाकट्या दोन मुली, एक मद्रासला आणि एक रत्नागिरीत जन्मलेली, मंडाले न बघताच मोठ्या झाल्या. आयुष्य जिथे खरोखर झिजलं त्या घरांकडे कुणी फिरकत नाही, कारण तिथे फोटो काढण्यासारखं काही नाही.

राजवाड्यावर मात्र फोटो छान येतो. लाल भिंती, उतरती छपरं, कमानदार लाकडी खिडक्या आणि आवाराच्या पलीकडे भाट्याच्या खाडीपासून समुद्रापर्यंत मोकळी नजर. या वास्तूला सर्रास ‘बर्मी शैली’ची म्हणतात. मला ते पटत नाही. मंडालेचा राजवाडा सागवानी होता, सोन्याचा मुलामा दिलेला, खंदकाच्या आत. रत्नागिरीची इमारत मला ऐसपैस सरकारी बंगल्यासारखी वाटते, जिला राजाचा मान राखायला थोडा साज चढवलाय. बांधणारं सरकार तेच होतं ज्याने त्याचं राज्य घेतलं. पुढे १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, मंडालेचा राजवाडा जळाला. आज तिथे दिसतो तो १९९० च्या दशकात पुन्हा उभारलेला. म्हणजे राजाचं घर नक्कल झालं आणि कैदेतली जागा अस्सल राहिली.

आता पुस्तकांकडे येतो. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ (२०००) या कादंबरीने थिबा जगभर पोचवला. कादंबरीतलं राजकुटुंब राहतं ते औट्रम हाउसमध्ये, आपल्या ओळखीच्या राजवाड्यात नाही. घोष यांची ही निवड मला फार मोलाची वाटते, कारण त्यांनी कथा त्या २४ वर्षांत नेली. पण तिथेही राजा हातात दुर्बीण घेऊन खाडीत येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांकडे बघत बसतो. चित्र देखणं आहे, आणि घोळ तिथेच आहे. त्या दुर्बिणीमागे उभा राहिलेला वाचक राजाच्या एकटेपणात इतका रमतो की बाकीची माणसं धूसर होतात. हा राजा गादीवर आल्यावर १८७९ मध्ये त्याच्या डझनावारी भाऊबंदांची कत्तल झाली होती. घोष ती सांगतात, पण समुद्राकडे बघणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल वाटणारी कणव ती पुसून टाकते.

सुधा शाह यांचं ‘द किंग इन एक्झाइल’ (२०१२) घोष यांच्याइतकं रसाळ नाही. भत्ते, कर्जं, पत्रव्यवहार यांत ते मधेमधे रेंगाळतं. तरी दोन्हीतलं एकच वाचणार असाल तर मी शाह यांचं हातात देईन. कारण बंदिवास म्हणजे हाच पत्रव्यवहार होता. मुलींची लग्नं कुणाशी करायची? घराबाहेर कधी पडायचं? प्रत्येक गोष्टीला वर विचारायचं. शिवाय शाह राजाच्या मृत्यूपाशी थांबत नाहीत, मुली आणि नातवंडांपर्यंत जातात.

आणि तिथे भेटते थोरली राजकन्या. तिचं मन घरच्याच एका नोकरावर, गोपाळ सावंतांवर, बसलं. सावंत आधीच लग्न झालेले. त्यांची मुलगी टूटू जन्मली तेव्हा राजवाडा बांधून व्हायचा होता. घोष यांनी हेच सूत्र उचललं आणि सावंतांना कोचवान केलं. म्हणजे या घराण्याची रत्नागिरीशी जी खरी सोयरीक झाली, ती राजवाड्याच्या आधीची आहे.

१९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशात परतलं. राणी सुपयालत १९२५ मध्ये रंगूनला वारली. थोरली मात्र मुलीला घेऊन रत्नागिरीला परत आली आणि इथेच राहिली. टूटू मराठी बोलत, संसार करत, गरिबीत म्हातारी झाली. ती गेली २००० मध्ये, ‘द ग्लास पॅलेस’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी. तिची गोष्ट सांगताना आपण ‘राजाची नात आणि ही दशा’ असा सुस्कारा टाकतो. मला त्या सुस्काऱ्याची चीड येते, कारण त्यात तिचं रत्नागिरीकर असणं ही दुर्दशा ठरते. तिच्यासारखंच आयुष्य काढलेल्या शेजारणींसाठी हा सुस्कारा कुणी टाकत नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन गेले. ज्या शेवटच्या मुघल बादशहाला इंग्रजांनी उलट दिशेने पाठवलं, त्या बहादूरशहा जफरची कबर रंगूनला आहे आणि आपले नेते तिथे जातात. मुडद्यांची ही देवाणघेवाण दोन्ही सरकारांना सोयीची आहे. थिबाची समाधी शिवाजीनगरला आहे, राजवाड्यापासून वेगळी. राजवाडा पाहायला जाल तेव्हा तिकडेही जा. आणि जमलं तर राजा १९१० पर्यंत कुठे राहत होता, हे राजवाड्यात कुणाला तरी विचारा.